करवलीची जागा

प्रणितच्या लग्नाची अर्धी तयारी त्याच्या बहिणीने, दिव्यानीने, कॅनडात बसून केली. आरमोरीच्या दुकानातल्या साड्या व्हिडिओवर उलगडायला लावल्या, भाजीत तिखट किती यावरून आचाऱ्याशी भांडलीसुद्धा. मात्र सुट्टी मिळाली नाही म्हणाली, आणि भावामागे दिवा घेऊन उभं राहायचा करवलीचा मान फोनवर आला.

लग्नघटकेला भागीरथा आत्या नवरदेवामागे उभ्या राहिल्या, एका हातात दिवा, दुसऱ्यात दिव्यानीचा कॉल लावलेला फोन; तिच्या बाजूचा कॅमेरा तेवढा बंद. करवली म्हणून फोनलाही हळदकुंकू लावलेलं, तेही नेमकं कॅमेऱ्यावर.

"दिव्यानी, दिसून राह्यलं ना वं तुले?" मंगलाष्टकांच्या गलक्यात आत्यांनी फोनला विचारलं.

कोणालाच न कळवता निघालेली, नागपूरहून टॅक्सीने थेट मांडवात पोचलेली दिव्यानी धापा टाकत त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. डोळे पुसत म्हणाली, "दिसते ना आत्या. सगळं दिसते."

आत्यांनी फोनवरची नजर काही हलवली नाही. शेजारणीला कोपराने ढोसत म्हणाल्या,



"पाय, आवाज कसा साफ येऊन राह्यला. मी म्हटलंच होतं, घरापेक्षा मांडवात नेटवर्क चांगलं राह्यते."