त्या संध्याकाळचा फोन

"एवढ्यावर खटला उभा राहील, पण टिकणार नाही," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मावशींकडे सरकवली.

फाइल मावशींनीच बांधली होती. चाळीस वर्षं पुस्तकबांधणीत गेलेली. सुट्या कागदांचा गठ्ठा त्यांना बघवत नसे. तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेनुसार लावून त्यांनी जाड दोऱ्यानं शिवून टाकलं होतं.

शेजारच्या खुर्चीत मासोळी बसली होती. सगळे तिला याच नावानं हाक मारत. मावशींच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची आणि तरणतलावावर पोहायला शिकवायची. आता तिच्या कुशीतून एक नळी बाहेर आली होती. नळीला पिशवी, पिशवीत हिरवट पित्त. सात महिने ती पाण्यात उतरली नव्हती.

"पित्ताशयात खडे होते," वकीलबाई बोटावर मोजल्यासारखं सांगू लागल्या. "दुर्बिणीची शस्त्रक्रिया, दोन दिवसांत घरी सोडणार होते. डॉक्टरांनी चुकून यकृताकडून येणारी मुख्य नळीच कापली. ते हे नाकारत नाहीत. म्हणतात, अशी चूक कुणाच्याही हातून होते. पाचव्या दिवशी लक्षात आली, आणि लक्षात येताच मोठ्या रुग्णालयात पाठवलं म्हणे."

"पाच दिवस मी पोट धरून तळमळत होते," मासोळी म्हणाली. "ते म्हणायचे, गॅस आहे, जरा फिरा."

"त्या पाच दिवसांतच यकृत खराब झालं. त्यांना आधीच कळलं होतं हे सिद्ध झालं, तर ती चूक राहत नाही, गुन्ह्यासारखंच होतं. पण सांगणार कोण? त्यांचा सहायक तर तोंडाला कुलूप लावून बसलाय."

मावशी दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. हे डॉक्टर त्यांनीच सुचवले होते. हाताला गुण आहे, डोळे मिटून जा, असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

"मी सांगेन," त्या म्हणाल्या. "त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. फोनवर बोलताना मी ऐकलंय."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मावशी, हे भर न्यायालयात सांगावं लागेल. कुठे ऐकलंत, तेसुद्धा. झेपेल?"

"झेपायला काय, बोलायचंच तर आहे."

घरी परतल्यावर मासोळी जिन्याचा कठडा धरून तीन पायऱ्या चढली आणि थांबली.

"तुम्ही रोज दवाखान्यात यायचात मला बघायला," ती पाठमोरीच म्हणाली. "सूप घेऊन."

"हो."

"मी विचारायचे, मावशी, एवढं दुखतं का हो सगळ्यांना?"

"मी म्हणायचे, डॉक्टर सांगतायत ना, होईल बरं." मावशी खालूनच म्हणाल्या. "मला वाटलं, त्यांना कळतं, ते निस्तरतील. मी कोण बोलणारी? खरं तर बोलायची छातीच झाली नाही, पोरी."

मासोळी वर गेली. दोन दिवस दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी वरून हाक आली. पिशवी बदलायला तिला एकटीला जमत नव्हतं. मावशींनी हात धुतले, नळी स्वच्छ केली, नवी पिशवी लावली. शेवटी मासोळीनंच त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

"नका जाऊ साक्षीला," ती म्हणाली. "तुम्हाला ते किती जड जाईल, मला काय कळत नाही?"

"तुझ्यापेक्षा जड नाही."

साक्षीच्या आदल्या दिवशी मुलाचा फोन आला. चार महिन्यांनी.

"आई, अजून वेळ गेलेली नाही. तब्येत बरी नाही म्हणून कळव."

"तब्येत ठणठणीत आहे माझी."

"एका भाडेकरणीसाठी तू कुणाचं आयुष्य मातीत घालतेयस, कळतंय का तुला?"

"कळतंय," मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून, "जेवलास का?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

न्यायालयाची खोली लहान होती, पंखा कुरकुरत होता. मासोळी भिंतीला टेकून बसली होती, पिशवी ओढणीखाली झाकून. डॉक्टर पहिल्या बाकावर होते. मधल्या काळात बरेच वाळले होते. मावशींनी तिकडे एकदाच पाहिलं आणि मान वळवली.

वकीलबाईंनी विचारलं, मावशींनी सांगितलं. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. सहायकाचा फोन. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, चेहरा पांढरा पडला. मग हळू आवाजात म्हणाले, चुकीची नळी कापली गेली असणार. आत्ता कुणाकडे बोलू नकोस, माझं नाव जाईल. बघू दोन-चार दिवस.

"शब्द हेच होते?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हेच. रोज कानात वाजतात."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"इतकं खाजगी बोलणं डॉक्टर तुमच्यासमोर कसं बोलले? त्यांच्या घरी तुम्ही कशाला गेला होता?"

मावशींनी कठड्याची कड घट्ट धरली. पहिल्या बाकावर डॉक्टरांनी ओंजळीत तोंड लपवलं.

"मी नव्हते गेले, साहेब. तोच आला होता, जेवायला. मी त्याला वाढत होते," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा आहे तो."