रुमालात बांधलेलं यंत्र

मुलानं अमेरिकेहून पाठवलेलं पुस्तकं वाचायचं यंत्र शिवाप्पा मास्तर वाचून झालं की कपाळाला लावत आणि पोथीसारखं रुमालात घट्ट बांधून ठेवत. डॉक्टरांनी सांगितलेल्या हृदयाच्या बायपासची गोष्ट पोराच्या कानावर घालायची नाही, अशी त्यांनी बायकोला, दानव्वाला, ताकीद दिली होती.

टोपी घालून कीर्तनाला निघाले, तेवढ्यात मुलाचा, शशिधरचा, फोन आला.

"आप्पा, बायपासच्या पानावर रेघा कशापायी मारल्यात?"

मास्तरांनी फोनवर हात ठेवून बायकोकडं डोळे वटारले. "तू सांगितलंस व्हय?"

"महादेवाची आण, मी न्हाय!"

"अव्वानं न्हाय, आप्पा. तुम्ही तिथं रेघ मारली की हितं माझ्या यंत्रात उमटतीया."

'शेजाऱ्यासाठी बघत होतो,' अशी थाप मारून मास्तरांनी फोन ठेवला. रुमाल सोडून यंत्र उलटंपालटं केलं. "वायर न्हाय, काय न्हाय. आन् रुमालात बांधलेलं बाहेर गेलंच कसं?"

दानव्वाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती जवळ येऊन बसली.

"अवो, त्यात 'घरी ये' असं कुठं लिवलंय का बघा की. तिथंबी एक रेघ मारा."