कडेगावचा रुमाल

नोकरी लागण्याआधीची उमेदवारी हा राज्यकारभाराचा पाया आहे, असं विट्याच्या मामलेदार कचेरीतले हेडकारकून विष्णुपंत गंभीरपणे सांगत. पायाला पगार द्यायची पद्धत नसते. म्हणून कडेगावचा मॅट्रिक पास कृष्णात तीन वर्षं रेकॉर्डच्या खोलीत फुकट राबत होता. कारकुनाची जागा सुटली की पहिला हक्क तुझा, असं पंतांनीच त्याला सांगून ठेवलं होतं.

सेहेचाळीसच्या जूनमध्ये जागा सुटली. सोमवारी तिच्यावर पंतांचा भाचा गंगाधर येऊन बसला.

"अनुभवी माणूस हवा होता," पंत म्हणाले.

"आन् मी तीन वर्सं काय केलं?"

"मस्टरवर नाव आहे तुझं?"

"न्हाई."

"मग सरकारच्या लेखी तू इथं आलाच नाहीस."

कृष्णातनं टोपी नीट केली. बाहेर पडला, कचेरीला वळसा घातला आणि खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पाळी आली तसा त्यानं बापाच्या जमिनीच्या कागदाची नक्कल मागणारा अर्ज आत सरकवला. कोर्ट फीचं तिकीट लावलेलं, अक्षर वळणदार.

पंतांनी शिक्का मारला आणि मान वर न करताच रोजच्या सवयीनं हाक दिली, "कृष्णात, कडेगावचा रुमाल काढ."

"आवं पंत, मी तर आलोच न्हाई," खिडकीतून उत्तर आलं. "मस्टरवर असंल त्येला धाडा."

रांगेत खसखस पिकली. गंगाधर रेकॉर्डमध्ये शिरला. फडक्यात बांधलेले कागदांचे रुमाल छतापर्यंत रचलेले. गेल्या पावसात भिजले तेव्हा कृष्णातनं ते सुकवून आपल्या अंदाजानं लावले होते. चिठ्ठी एकावरही नव्हती. तासाभरानं गंगाधर बाहेर आला, तो धुळीनं पांढरा आणि हात हलवत.

पंत स्वतः खिडकीशी आले. आवाज उतरला होता. "बाहेरून तरी सांग बाबा, कुठल्या कोपऱ्यात आहे?"

"अर्ज करा," कृष्णात म्हणाला. "तिकीट लावून."

आणि तो भर दुपारी घरी निघाला.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच दारात एकोणचाळीस पोरं उभी होती. सगळी मॅट्रिक. कृष्णातची जागा रिकामी झालीय, असं त्यांच्या कानावर आलं होतं.