नावाआधीची जागा

आमच्या मूर्तिजापूरच्या वाचनालयात बालसाहित्य पुरस्काराच्या मानकऱ्यांचा फलक आहे. दरवर्षी त्यावर नवं नाव वाहेदचाचा रंगवायचे आणि प्रत्येक नावाआधी दोन बोटं जागा मोकळी सोडायचे. लेखक गेला की तिथे ‘कै.’ बसायचं, नाव पुसायची पाळी यायची नाही.

२००४ साली पुरस्कार प्रल्हादला मिळाला. वय एकोणतीस. दिवसभर कापसाच्या शेतात राबायचा आणि गोष्टी लिहायचा खारींच्या, पोपटांच्या. आपलं नाव उमटताना बघायला तो शिडीखाली उभा होता.

“चाचा, माह्या नावाआधी जागा नाई सोडली?”

“तुले आतापासून काहाले पाहिजे?” चाचा वरूनच खेकसले. “तुह्यं ते काम माह्यानंतरचा पेंटर पाहून घेईल.”

दोन वर्षांनी, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोजच्याच झाल्या होत्या तेव्हा, एका सकाळी पेपरात प्रल्हादचं नाव आलं.

पुढच्या पुरस्काराआधी, वाचनालयाचा सचिव म्हणून, मीच चाचांना ‘कै.’ लिहायला बोलावलं. ते शिडीवर चढले आणि ब्रश प्रल्हादच्या नावापर्यंत नेऊन थांबले.

“जागा नाई,” ते म्हणाले.

“मग नाव पुसा आन् नव्यानं लिहा.”

चाचा खाली उतरले. रंगाच्या डब्याचं झाकण त्यांनी तळहातानं दाबून बसवलं.

“ते काम माह्यानंतरच्या पेंटरचं आहे, साहेब.”