मधली दोन वर्षं

गुलमंडीतल्या दुकानात रामेश्वरनं दहा साड्यांच्या घड्या घालून दाखवल्या. मालकांना त्याचा हात पसंत पडला. मग त्यांनी अर्जावर बोट ठेवलं.

"मधली दोन वर्षं कुठं होतास?"

रामेश्वर घडीवरून हात फिरवत राहिला. "हर्सूलला. जेलात."

मालक सावरून बसले. "चोरी?"

"नाय. बांधावरून भांडण झालं. भावाचं डोकं फोडलं."

"बांधावरून व्हय?" मालक सैल झाले. "आमच्या गावात तर कुऱ्हाडी निघाल्यात. रागाच्या भरात होतं माणसाकडून. उद्या दहाला ये."

समोरच्या फुटपाथवर रामेश्वरचा थोरला भाऊ बिभीषण औषधांची पिशवी घेऊन उभा होता. दोन वर्षं दर महिन्याला तोच त्याला गंगापूरहून एसटीनं मनोविकाराच्या डॉक्टरकडं आणत होता. आता कामाला लाग, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

"लागलं काम," रामेश्वर म्हणाला.

"डोक्याच्या दवाखान्याचं ऐकलं की तीन दुकानांनी पायरी उतरायला लावली. यांनी कसं ठेवलं?"

"दवाखान्याचं सांगितलंच नाय." रामेश्वरनं मान खाली घातली. "तुझं डोकं फोडून जेलात गेलतो म्हणलं, दादा."

बिभीषणनं दुकानाच्या पाटीकडं बघितलं. मग त्यानं औषधांची पिशवी शर्टाच्या आत सारली.

"पहिल्याच दुकानात फोडायचं होतंस," तो म्हणाला.