सरांचं व्हीपीएन

विद्यापीठाची नियतकालिकं घरबसल्या वाचता यावीत म्हणून लेकाने सरांच्या लॅपटॉपवर व्हीपीएन बसवून दिलं होतं. पण मेलं ते रोज सकाळी बंद पडलेलं असायचं! मग बायको गेल्यापासून एकटे राहणारे निवृत्त सर ते चालू करून घ्यायला कुरकुरत विद्यापीठाच्या लायब्ररीचे जिने चढायचे. ग्रंथपालबाई हसून म्हणायच्या, "आलात? बसा, चहा सांगते." गप्पांच्या नादात केव्हातरी व्हीपीएन सुरू व्हायचं.

शेवटी लेकाने छडा लावला. फोनवर तो नुसता तणतणत होता. "बाबा, तुमचं खातं रोज संध्याकाळी त्या बाईच बंद करतात! आत्ताच्या आत्ता तक्रार करतो त्यांची!"



"खबरदार! आणि ठेव आता फोन, मला सदऱ्याला इस्त्री करायचीय."