चाल मागे घ्यायची सोय

दादा गेल्यावर धाकट्याने दोघांचा लाडका अंतराळयुद्धाचा पट कॉम्प्युटरवर उतरवला. सगळे नियम घेतले, फक्त चाल मागे घ्यायची सोय ठेवली नाही. ती नियमांत नव्हतीच. घरची सवलत होती. चुकणाऱ्याने "चुकलं" म्हणायचं, समोरच्याने टेबलावर दोनदा बोट वाजवलं की यान परत.

रविवारी दुपारी तो एकटाच कॉम्प्युटरविरुद्ध खेळत होता आणि घाईघाईत यान उल्कांत घालून बसला.

"चुकलं रे दादा," सवयीने तोंडातून निघून गेलं.

टेबलाच्या पलीकडे दोनदा बोट वाजलं. पडद्यावरचं यान मुकाट्याने मागे आलं.

त्याने माउसवरचा हात काढून घेतला.

मग कॉम्प्युटरचं यान आपणहून त्याच उल्कांत शिरलं, आणि रिकाम्या खुर्चीतून हळूच आवाज आला, "चुकलं रे, धाकट्या."